कॉम्प्युटर मधेच बंद पडतोय? आधी भिंतीकडे बघा

गेल्या मे महिन्यात माझा कॉम्प्युटर रोज संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान मान टाकायचा. कसली सूचना नाही, निळा पडदा नाही. मॉनिटर काळा, पंखे क्षणभर गप्प, आणि पुन्हा कंपनीचा लोगो. मी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, आमच्या जुन्या घरातून डीटीपीचं काम करते. मे म्हणजे लग्नपत्रिकांचा हंगाम, आणि अर्धी पत्रिका सेव्ह व्हायच्या आत उडाली की काय होतं ते सांगायला नको.

पहिल्या दुकानदाराने हात न लावताच निदान केलं, "दीदी, विंडोज उड़ गई है." फॉरमॅट केलं. चार दिवसांनी पुन्हा तेच, पुन्हा फॉरमॅट. दुसऱ्याने मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं आणि हजारांतला आकडा काढला. तेव्हा मात्र मी स्वतःच पेचकस हातात घेतला. तेरा दिवस लागले. दोष विंडोजमध्ये नव्हता आणि मदरबोर्डमध्येही नव्हता.

ज्यांनी आजवर कॅबिनेटचं झाकण उघडलेलं नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. सगळं डेस्कटॉपबद्दल आहे. लॅपटॉपला बॅटरी असते, त्यामुळे विजेचा भाग त्याला फारसा लागू नाही. उष्णता, रॅम आणि डिस्कचं मात्र त्यालाही तेच.

हाताशी काय हवं

- फुलीच्या टोकाचा पेचकस, टॉर्च
- एक इंची नवा, कोरडा रंगाचा ब्रश
- साधा डिजिटल मल्टीमीटर
- रिकामे केलेले दोन पेनड्राइव्ह, ८ जीबीचे चालतील
- थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि त्यावरच्या पंख्याच्या मधे लावतात ती) छोटी ट्यूब आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल
- कॉम्प्युटरचं आणि सुट्या भागांचं बिल, वॉरंटी कार्ड. रॅमवर बऱ्याच कंपन्या दहा वर्षांची किंवा लाइफटाइम वॉरंटी देतात, आणि लोक ती रॅम भंगारात टाकून नवी आणतात.
- एक वही. ही सगळ्यात महत्त्वाची.

१. सगळ्यात आधी डेटा

बाकी काहीही करण्यापूर्वी कामाच्या फाइल्स बाहेरच्या डिस्कवर घ्या. डिस्कमधून टकटक आवाज येत असेल, तर चाचण्या वगैरे नंतर. डिस्कवर जोर देणारी चाचणी कधीकधी तिचा शेवटचा श्वास ठरते.

आणि एक सापळा, जो मला कुणी सांगितला नव्हता. पुढे बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, काही बदल करावे लागतील. तुमच्या विंडोजमध्ये बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी सोय) चालू असेल, तर त्यानंतर कॉम्प्युटर ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतो. नव्या मशिनमध्ये तुम्हाला न विचारताही ते चालू झालेलं असतं. ती की बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. आजच शोधून वहीत उतरवून ठेवा.

२. वही उघडा आणि निळ्या पडद्याला थांबायला लावा

प्रत्येक वेळी बंद पडल्यावर लिहा: तारीख, वेळ, काय काम चालू होतं, खोलीत कूलर चालू होता का, दिवे मिणमिणले का. मूर्खपणाचं वाटतं, पण माझ्या वहीत आठ नोंदी झाल्या तेव्हा सगळ्या संध्याकाळच्या निघाल्या. विंडोज बिघडलेलं असतं तर त्याने घड्याळ बघितलं नसतं.

विंडोज निळा पडदा दाखवून लगेच रीस्टार्ट होतं आणि वाचायला वेळच मिळत नाही. सिस्टिम प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड, स्टार्टअप अँड रिकव्हरी इथे जाऊन 'ऑटोमॅटिकली रीस्टार्ट'ची खूण काढा. पुढच्या वेळी पडदा थांबेल, मोबाइलने फोटो काढा.

मग विंडोजच्याच इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्जखाली 'सिस्टिम' बघा. तिथे 'कर्नल-पॉवर ४१' हमखास दिसेल, आणि नवखा माणूस इथेच फसतो. ४१ म्हणजे एवढंच, की मागच्या वेळी कॉम्प्युटर नीट बंद झाला नाही. ते तुम्हालाही ठाऊक आहे. कारण त्यात नसतं. त्याच्या आसपास 'व्हीया-लॉगर' (WHEA-Logger) नावाची नोंद असेल तर ती खरी साक्षीदार. हार्डवेअरने स्वतः कळवलेली चूक तिथे येते.

लक्षणांवरून ढोबळ अंदाज असा बांधता येतो. एका क्षणात सगळं काळं होणं म्हणजे बहुधा वीज किंवा उष्णता. दर वेळी वेगळ्या नावाचा निळा पडदा म्हणजे रॅमवर संशय. दर वेळी त्याच ड्रायव्हर फाइलचं (एखादा सुटा भाग चालवणाऱ्या प्रोग्रामचं) नाव येत असेल, तर आधी तो ड्रायव्हर बदलून बघा, कॅबिनेट उघडायची घाई नको.

फॉरमॅटचे पैसे वाचवणारी युक्ती: एका पेनड्राइव्हवर उबुंटू (विंडोजच्या जागी चालणारी मोफत सिस्टिम) चढवा आणि त्यावरूनच कॉम्प्युटर सुरू करून तासन् तास वापरा. विंडोजला हात लागत नाही. तिथेही तसाच बंद पडला, तर विंडोज निर्दोष सुटलं.

३. भिंत

इथे मी रेंगाळणार आहे, कारण बाकीचे मार्गदर्शक थेट रॅमपासून सुरू होतात. ते बहुधा जिथे लाइट स्थिर असते तिथे लिहिले जातात.

आपल्याकडे घरात २३० व्होल्ट अपेक्षित आहेत. मल्टीमीटर एसीच्या सर्वांत मोठ्या पट्टीवर ठेवून सॉकेटमध्ये तीन मोजमापं घ्यायची. फेज आणि न्यूट्रल: २३०च्या आसपास. फेज आणि अर्थ: जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ: एक-दोन व्होल्ट. याआधी कधी थेट लाइटवर मीटर लावला नसेल, तर इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि ही तीन मापं तुमच्यासमोर घ्यायला लावा. यात लाज नाही.

माझ्या सॉकेटमध्ये फेज आणि अर्थमधलं माप स्थिरच होत नव्हतं. तिसऱ्या, म्हणजे अर्थच्या भोकाला आत वायरच नव्हती! जुन्या वाड्यांत असं सर्रास सापडतं. कॅबिनेटला हात लावल्यावर बोटांना झिणझिण्या येतात ना, त्या याच्याच. एसएमपीएसच्या (कॅबिनेटमधल्या वीज पुरवणाऱ्या डब्याच्या) आत विजेतली गडबड गाळणारी जी जोडणी असते, ती अर्थकडे थोडासा करंट सोडते. अर्थ नसेल तर तो कॅबिनेटच्या पत्र्यावर येऊन बसतो. "थोडा करंट तर येतोच" असं म्हणणाऱ्याकडून वायरिंग करून घेऊ नका.

दुसरी गोष्ट, वेळ बदलून मोजा. सकाळी माझ्याकडे २२६ होते, संध्याकाळी साडेसातला १७८. गल्लीतले सगळे कूलर आणि एसी एकदम चालू होतात ती वेळ.

तिसरी, इन्व्हर्टर. आपल्याकडे कॉम्प्युटर बहुधा घरच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर असतो. बऱ्याच इन्व्हर्टरवर एक छोटा खटका असतो: एका बाजूला 'यूपीएस', दुसऱ्या बाजूला 'इको' किंवा 'नॉर्मल'. बसवणारा तो इकोवर ठेवून जातो. तशाने व्होल्टेज बरंच घसरलं तरी इन्व्हर्टर बॅटरीवर जात नाही, तेच मरतुकडं व्होल्टेज पुढे ढकलतो. लाइट गेल्यावर बॅटरीवर यायलाही त्याला जास्त वेळ लागतो. आता कॉम्प्युटरच्या एसएमपीएसकडून अपेक्षा असते, की वीज तुटल्यावर भार असताना त्याने साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा. आपल्या ५० हर्ट्झच्या लाइटची एक फेरी २० मिलिसेकंदांची, म्हणजे एका फेरीपेक्षाही कमी. एसएमपीएस म्हातारा असेल तर तेवढंही नाही. खटका यूपीएसवर केला की इन्व्हर्टर लवकर जागा होतो, आणि व्होल्टेज साधारण १८०च्या खाली गेलं की स्वतःच बॅटरीवर जातो. बॅटरी लवकर उतरेल, पण पत्रिका वाचेल.

एकही पैसा न लागणारी सर्वांत चांगली चाचणी मात्र वेगळीच आहे: कॉम्प्युटर उचला आणि दुसऱ्याच्या घरी न्या. मी माझा शहराच्या दुसऱ्या भागात, मुरारला मामांकडे नेला. मामी म्हणाल्या, "अगं, आंबे आणायचे तर हे काय आणलंस?" तिथे तीन तास एकदाही बंद पडला नाही.

घरी परतून अर्थिंगची वायर टाकून घेतली, सैल सॉकेट बदललं, खटका फिरवला. रोजचा त्रास दोन-तीन दिवसांआड एकदा इतका कमी झाला. संपला नाही. म्हणजे आणखी एक चोर घरातच होता.

४. उष्णता, धूळ आणि कूलर

झाकण उघडण्याआधी: मागचा खटका बंद, वायर सॉकेटमधून बाहेर, मग पॉवरचं बटण पाच-दहा सेकंद दाबून ठेवा म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत अंगावर स्थिर वीज साठते, म्हणून आत हात घालण्यापूर्वी कॅबिनेटच्या उघड्या पत्र्याला स्पर्श करा.

प्रोसेसर किती तापतो ते 'एचडब्ल्यूइन्फो' हा मोफत प्रोग्राम दाखवतो. कमाल मर्यादा बहुतेक प्रोसेसरमध्ये ९५ ते १०० अंशांच्या आसपास असते. तिथे पोचल्यावर तो आधी वेग कमी करतो आणि तरीही भागलं नाही तर जीव वाचवायला मशीन बंद करतो. भर कामात ८५च्या खाली असेल तर काळजी नको. खोली दहा अंशांनी तापली की प्रोसेसरही जवळपास तेवढाच वर जातो, हे लक्षात ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे बाहेर ४५ अंश असतात. आमची वरची खोली दगडी पट्ट्यांच्या छताची. दिवसभर पिऊन घेतलेलं ऊन ती संध्याकाळी परत देते. त्यामुळे "दुपारी तर व्यवस्थित चालतो" याला फारसा अर्थ नाही.

कूलरबद्दल कुणी बोलत नाही. पाण्याचा कूलर थेट कॅबिनेटच्या तोंडावर ठेवला की आपल्याला वाटतं, चला, त्यालाही गार हवा. प्रत्यक्षात आंधीची बारीक धूळ आणि कूलरची ओल एकत्र होऊन हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) पात्यांमध्ये चिखल बसतो, आणि तो वाळला की ब्रशनेही निघत नाही. शिवाय रॅमच्या आणि कार्डांच्या संपर्कांवर गंज धरतो. कूलर खोलीला हवा देईल असा ठेवा, कॉम्प्युटरला नव्हे.

सफाई अंगणात करा. पंखा बोटाने धरून ठेवा आणि मगच ब्रश किंवा ब्लोअर लावा. ब्लोअरने भिंगरीसारखा फिरवला तर बेअरिंग जातं. घरचा व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.

प्रोसेसरवरचा पंखा काढायचा असेल, तर आधी कॉम्प्युटर दहा मिनिटं चालवून पेस्ट कोमट होऊ द्या, मग बंद करून वायर काढा आणि पंखा हलकेच डावी-उजवीकडे पिळत सोडवा. जुन्या एएमडीच्या मशिनमध्ये सरळ वर ओढलात तर प्रोसेसर पिनांसकट हातात येतो. जुनी पेस्ट अल्कोहोलने पुसा. नवी हरभऱ्याच्या डाळीएवढी, मधोमध. भाकरीला लोणी लावल्यासारखी थापायची नाही.

५. रॅम

रॅमच्या पट्ट्या काढून पुन्हा बसवणं हा आपल्याकडचा राष्ट्रीय उपाय आहे, आणि तो बरेचदा चालतोही, कारण संपर्कांवरचा मळ घासला जातो. दोन्ही बाजूंनी 'टक' आवाज येईपर्यंत दाबा. खोडरबराने सोनेरी पट्टी घासायची पद्धत आहे. मी ती टाळते. तो मुलामा पातळ असतो आणि रबराचे कण खाचेत पडतात. अल्कोहोलमध्ये भिजवलेलं, धागे न सुटणारं कापड पुरतं.

खरी परीक्षा 'मेमटेस्ट८६ प्लस'ची. मोफत आहे. दुसऱ्या पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यावरून मशीन सुरू करा. बायोसमध्ये सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करावं लागू शकतं. (४८ आकडे वहीत उतरवलेत ना?) रात्रभर चालू द्या, निदान चार फेऱ्या होऊ द्या. एकही लाल ओळ आली तर रॅम नापास. "एकच तर चूक आहे" असं इथे चालत नाही. आणि एकदा भर दुपारीही चालवा, काही पट्ट्या फक्त तापल्यावरच चुकतात.

चूक आली म्हणून लगेच दोन्ही पट्ट्या फेकू नका. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू असेल तर ते बंद करून पुन्हा तपासा. वाढवलेला वेग तुमच्या मदरबोर्डला झेपत नसेल. मग एकेक पट्टी एकाच खाचेत, आणि त्यानंतर चांगली पट्टी दुसऱ्या खाचेत. असं केलं की पट्टी खराब की खाच, ते वेगळं कळतं. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. मी उत्साहाच्या भरात रॅम आणि ग्राफिक्स कार्ड एकदम काढलं, आणि अख्खा दिवस वाया घालवला.

जुन्या ८ जीबीच्या जोडीला दुसऱ्या कंपनीची नवी ८ जीबी घातल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर शोध घ्यायची गरजच नाही. नवी काढून बघा.

६. डिस्क

'क्रिस्टलडिस्कइन्फो' हा डिस्कची तब्येत दाखवणारा मोफत प्रोग्राम उघडा. हार्ड डिस्कसाठी तीन ओळी: रीॲलोकेटेड सेक्टर्स, करंट पेंडिंग सेक्टर्स, अनकरेक्टेबल सेक्टर्स. तिन्हींचा मूळ आकडा शून्य असेल तर उत्तम. नसेल आणि दर आठवड्याला वाढत असेल, तर डिस्क बदला. चौथी ओळ सीआरसी एरर काउंट. ती वाढत असेल तर दोष बहुधा डिस्कचा नसून ती मदरबोर्डला जोडणाऱ्या साटा केबलचा. शे-दीडशे रुपयांत काम होतं.

७. एसएमपीएस

माझा दुसरा चोर इथे सापडला. कॅबिनेटमध्ये चार पिनांचं एखादं पांढरं कनेक्टर बहुधा रिकामं लोंबत असतं. कॉम्प्युटर चालू ठेवून मल्टीमीटर डीसी २० व्होल्टवर, काळं टोक काळ्या वायरमध्ये, लाल टोक पिवळ्या वायरमध्ये. १२ व्होल्ट हवेत, पाच टक्के इकडेतिकडे चालतात, म्हणजे ११.४ ते १२.६. लाल वायरवर ५ हवेत, ४.७५ ते ५.२५. दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका.

नुसतं सुरू करून मोजलं तर माझ्याकडे बरोबर १२.० आले. तिथेच थांबले असते तर फसले असते. एकीकडे जड पीडीएफ निर्यात आणि दुसरीकडे 'ओसीसीटी' या, मुद्दाम भार टाकणाऱ्या प्रोग्रामची चाचणी लावली, आणि आकडा ११.२वर उतरला. भाराखाली मोजलं नाही तर मोजून उपयोग नाही. हिरवी वायर काळ्या वायरला पेपरक्लिपने जोडून "बघा, पंखा फिरतोय" असं दाखवतात. त्यावरून एसएमपीएस सुरू होतो एवढंच कळतं, ओझं पेलतो का ते नाही.

नवा घेताना स्टिकरवरच्या '४५० वॉट'वर जाऊ नका. त्याच स्टिकरवर १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर लिहिलेत ते बघा आणि बाराने गुणा, तेवढे त्या लाइनचे वॉट. अगदी हलका, फुलासारखा एसएमपीएस ४५० वॉटचा नसतो.

आणि हे ठळक अक्षरांत वाचा: एसएमपीएसचा डबा कधीही उघडू नका. आतल्या, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये ३००च्या वर व्होल्ट असतात, आणि वायर काढल्यानंतरही ते काही काळ तसेच बसून असतात.

८. ग्राफिक्स कार्ड

असेल तर काढा, मॉनिटरची केबल मदरबोर्डच्या जोडणीला लावा आणि दोन दिवस वापरा. तुमच्या प्रोसेसरमध्ये आतली ग्राफिक्स नसेल तर पडदा काळाच राहील, घाबरू नका. परत बसवताना कार्डाची वेगळी पॉवर केबल पूर्ण आत गेली आहे ना, ते बघा.

९. मदरबोर्ड आणि प्रोसेसर

इथवर सगळं स्वच्छ निघालं तरच. टॉर्च मारून मदरबोर्डवरच्या कपॅसिटरची, म्हणजे छोट्या उभ्या नळकांड्यांची, डोकी बघा. सपाट हवीत, फुगलेली किंवा पाझरलेली नकोत. तारीख सारखी मागे जात असेल तर सीआर२०३२ हा नाण्यासारखा ३ व्होल्टचा सेल बदला.

प्रोसेसर स्वतः बिघडणं दुर्मीळ, पण एक मोठा अपवाद आहे. इंटेलच्या १३व्या आणि १४व्या पिढीतल्या ताकदवान डेस्कटॉप प्रोसेसरमध्ये जास्त व्होल्टेज मागितलं जाऊन ते कायमचे कमकुवत होण्याचा दोष निघाला. २०२४ मध्ये इंटेलने तो मान्य केला, ऑगस्टपासून त्यावरचे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आले आणि डबाबंद विकलेल्या प्रोसेसरची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. तुमच्याकडे तसा असेल तर बायोस अपडेट करून घ्या. अपडेट चालू असताना लाइट गेली तर मदरबोर्डच बसू शकतो, म्हणून ते सकाळी, खटका यूपीएसवर ठेवून. आधीच झिजलेला प्रोसेसर अपडेटने बरा होत नाही, तो वॉरंटीत बदलूनच घ्यावा लागतो.

१०. तरीही दुकानात जावं लागलं तर

वही सोबत न्या. "मधेच बंद पडतो" एवढंच सांगितलं की उत्तर फॉरमॅटच येणार. "उबुंटूवरही बंद पडतो, मेमटेस्ट चार फेऱ्या पास, भाराखाली १२ची लाइन ११.२" असं सांगितलंत की समोरचा खुर्चीत सरसावून बसतो. कॅबिनेट ठेवून यायची असेल तर रॅम, डिस्क आणि कार्डांच्या सीरियल नंबरांचे फोटो आधी काढा. फॉरमॅट करायचा नाही हे पावतीवर लिहून घ्या. पक्कं बिल घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा.

माझा जुना एसएमपीएस मी असाच मागून आणला. हलवला की आत काहीतरी खुळखुळतं. पाल असावी की सुटलेला स्क्रू, यावर घरात दोन तट आहेत. उघडायचा नाही म्हणून तो माळ्यावर तसाच पडून आहे, वर चिठ्ठी चिकटवून.